दिवस बुडायच्या आत

कापूस एकदम फुटला आणि त्याच आठवड्यात आभाळ भरून यायला लागलं. आंबेटाकळीत वेचायला माणूस मिळेना. गावातल्या बाया सकाळीच टेंपोत बसून शहागडकडच्या शिवारात जात, तिकडं मजुरी जास्त. त्यामुळं चार एकरांत तिघंच वाकलेली असत. पुष्पाबाई, तिचा नवरा रामराव, आणि कुंभारगल्लीतली तुळजाबाई. तुळजाबाईनं आपला दीड एकर आटोपला होता, म्हणून ती सावडीनं, कामाच्या बदल्यात काम म्हणून, आली होती. रामरावाचा गुडघा धरलेला. तो एक ओळ वेची आणि बांधाच्या धुऱ्यावर जाऊन पाय लांब करून बसे.

पुष्पाबाईची बोटं वाळक्या बोंडांच्या टोकांनी सोलून निघाली होती. तरी तिचा हात भराभर चालायचा. पण चार वाजले की तिचं चित्त उडायचं. दोन बोंडं वेचली की मान वर, दोन वेचली की मान वर. सूर्य किती उरला ते बघायची.

"झालं सुरू," रामराव म्हणायचा. "अजून दोन तास उजेड हाय."

"आपल्याला हाय. भाभीला न्हाई."

भाभी म्हणजे शेजारच्या मारवाड्याच्या घरातली राजकुमारीबाई. एक्याऐंशी वर्षांची म्हातारी. तिच्या सासऱ्याचा बाप राजस्थानातून आला, गावात किराणा दुकान घातलं, आणि ते घर गावचंच होऊन गेलं. नवरा पुखराजशेठ वारल्याला नऊ वर्षं झाली होती. मुलगा श्रेणिक जालन्यात बियाण्याचं दुकान चालवायचा. त्यानं किती वेळा नेऊन ठेवलं, पण म्हातारी पंधरा दिवसांत परत. तिकडं सकाळी उठून कुणाला हाक मारावी ते कळत न्हाई, म्हणायची.

जैनाचं घर. सूर्य मावळला की अन्न बंद, पाण्याचा घोटसुद्धा बंद. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि हात कापायला लागले, तेव्हापासून सहा वर्षं भाभीच्या दोन्ही वेळच्या खाण्याचं पुष्पाबाई बघायची. दुपारचं सकाळीच करून झाकून ठेवायची. शेतातून यायचं, अंगावर पाणी घ्यायचं, धुतलेली साडी नेसायची आणि भाभीच्या चुलीवर, भाभीच्या भांड्यात दोन फुलके आणि मुगाची डाळ करायची. कांदा, लसूण, बटाटा त्या घरात यायचा नाही. पाणी आधी फडक्यातून गाळायचं, मग उकळायचं. पुष्पाबाईच्या घरी आखाडात बकरं शिजायचं. ते भाभीला ठाऊक होतं, आणि भाभीला ठाऊक आहे हे पुष्पाबाईला ठाऊक होतं. एवढ्या वर्षांत त्यावर शब्द झाला नव्हता.

ह्या कामाचा पगार नव्हता. कुणी त्याचा विषयही काढला नव्हता. पुष्पाबाई सोळाव्या वर्षी ह्या गल्लीत नांदायला आली तेव्हा सासू मोठी तिखट. सून किती भाकरी खाते ते ती डोळ्यात तेल घालून बघायची. भाभी तेव्हा चाळिशीची, भरल्या घरातली. दुपारी भिंतीपलीकडून हाक यायची, "पुष्पा, मिरच्या निवडायला ये गं जरा." मिरच्या कुठल्या निवडायच्या? आत नेऊन भाभी पुढ्यात बाजरीची भाकरी ठेवायची, वर तुपाची धार. आणि स्वतः दारात उभी राहायची, पुष्पाची सासू येतीय का ते बघत. पहिल्या बाळंतपणात पुष्पाबाईच्या माहेरून कुणी आलं नाही, तर डिंकाचे लाडू ह्याच घरातून आले होते.

त्या दिवशी आभाळ इतकं दाटलं होतं की सूर्य कुठं आहे ते समजेना. दोन ओळी राहिल्या होत्या. रामराव म्हणाला, "एवढं उरकून घे. रातच्याला पाऊस आला तर भिजून कवडी होऊन बसंल समदं." तुळजाबाईही म्हणाली, वेळ हाय अजून. पुष्पाबाईनं ओळी उरकल्या, गाठोडं बांधलं, डोक्यावर घेतलं, आणि अर्ध्या वाटेत देवळातला दिवा लागलेला दिसला तेव्हा ती झपाझप पावलं उचलायला लागली.

गाठोडं तिनं अंगणात टाकलं आणि आंघोळ न करताच भाभीच्या दारात गेली. भाभी उंबऱ्याच्या आत पाटावर बसली होती. हातात माळ. पाण्याच्या हंड्यावर झाकण.

"भाभी, आत्ता पाच मिन्टांत करते. ढगात हाय सूर्य, बुडला न्हाई अजून."

"बुडला, पुष्पा. मला कळतं."

"दुपारच्याला काय खाल्लं तुम्ही?"

भाभी हसली. "दुपारी भूक न्हवती. म्हणलं संध्याकाळीच खाऊ."

पुष्पाबाई तिथंच दाराला टेकून खाली बसली. भाभी म्हणाली, "अगं, एक दिवसानं काय होतंय? आमच्यात लोकं महिना महिना राहतात. जा, तुझी पोटपूजा कर. हात बघ कसे झालेत. तेल लाव."

दुसऱ्या दिवशी पुष्पाबाई कापूस टाकून साडेतीनलाच आली. गरम फुलके केले. भाभीनं अर्धा खाल्ला आणि ताट सरकवलं. तिसऱ्या दिवशी नुसतं मुगाचं पाणी. चौथ्या दिवशी तेही दोन घोट. मूत्रपिंडं निकामी होत चालली आहेत असं जालन्याच्या डॉक्टरनं दिवाळीआधीच सांगितलं होतं. रक्त धुवायला मशीनवर न्यायचं ठरलं, तेव्हा दोनदा जाऊन आल्यावर भाभीनं हात जोडले होते, आता पुरे. हे सगळं पुष्पाबाईला माहीत होतं. पण तिच्या मनानं धरलं ते एकच. आपण त्या दिवशी उशीर केला, आणि भाभीचं अन्न तिथून तुटलं.

आठवड्यानं श्रेणिक बायकोला घेऊन आला. त्याच दिवशी तीर्थपुरीकडून चालत तीन साध्वी गावात आल्या, पांढरी वस्त्रं, तोंडावर पट्टी. गल्लीतल्या लोकांनी वाट करून दिली. बराच वेळ आत बोलणं चाललं होतं. मग श्रेणिक बाहेर आला. पुष्पाबाई अंगणात सरकीचा कचरा झाडत उभी होती. तो तिला काकू म्हणायचा. दहा वर्षांचा असताना तिच्याच ओट्यावर गोट्या खेळलेला.

"काकू, मांनं संथारा घेतला."

"म्हंजी?"

"आता अन्न घेणार न्हाई. पाणी पण दोन दिवसांनी सोडंल. तिची इच्छा. ह्या साध्वी आल्यात ना, त्या महासतीजींनी नीट विचारलं तिला, आम्हाला पण विचारलं. राजीखुशीनं, शांतपणे जायचं. आमच्यात ह्याच्यापेक्षा मोठं पुण्य न्हाई."

पुष्पाबाईच्या हातातला झाडू तसाच राहिला. "तू हो म्हणलास?"

श्रेणिकचे डोळे लाल होते. तो म्हणाला, "तिला न्हाई कसं म्हणू?"

पुष्पाबाई आत गेली. भाभी खाटेवर उशीला टेकून बसली होती. चेहरा निवळलेला, लग्नाघरातली बाई दमून क्षणभर बसावी तसा. पुष्पाबाईनं तिचे पाय धरले.

"भाभी, माझी चूक झाली. त्या दिवशी मी आले असते तर–"

"तुझ्यापायी न्हाई गं. असं मनात आणू नको." भाभी हळूहळू बोलायची, मधे श्वास घ्यायची. "देह आता काही मागून न्हाई राह्यला. जो मागत न्हाई त्याला कशाला जबरदस्ती द्यायचं?"

"मी मागून राह्यले ना."

भाभीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात चिमणीएवढ्या वजनाचा झाला होता.

दोन दिवसांत घर भरून गेलं. जालन्याहून, भोकरदनहून, संभाजीनगरहून गाड्या आल्या. गल्लीत मांडव पडला. जालन्याचा आचारी आला आणि मागच्या परसात त्याच्या मोठमोठ्या कढया चढल्या. आल्यागेल्याला जेवण. बाया ओळीनं बसून भजनं म्हणायच्या. गावातले लोकही दर्शनाला यायचे. पाटलांच्या घरचे आले, मशिदीजवळचा पिंजारी आला, बौद्धवाड्यातल्या दोन म्हाताऱ्या काठी टेकत आल्या. भाभी सगळ्यांना हात जोडायची आणि म्हणायची, "काही चुकलं असंल तर माफ करा." भाभीचं कुणाशी काय चुकलं होतं?

पुष्पाबाई सवयीनं दुपारी आंघोळ करून, धुतलेली साडी नेसून मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरली. तिथं तिची जागाच राहिली नव्हती. डाळीचा डबा, गाळणीचं फडकं, फुलक्यांची छोटी परात, सगळं कुणीतरी उचलून वर फळीवर ठेवलं होतं. एका अनोळखी बाईनं तिला बघितलं आणि सून चंचलला विचारलं, "ये कौन है?"

चंचल घाईत होती. हातात ताटं होती. ती म्हणाली, "कामवाली है मांजी की. बहुत पुरानी."

चंचलच्या मनात वाईट नव्हतं. पुष्पाबाईलाही ते कळत होतं. पण ती मागच्या दारानं बाहेर पडली आणि आपल्या घरी येऊन बराच वेळ चुलीपुढं बसली. रामरावानं विचारलं, काय झालं. तर म्हणाली, धूर गेला डोळ्यात. चूल पेटलेली नव्हती.

सहाव्या दिवशी दुपारी साध्वींचं प्रवचन मांडवात चालू होतं. घर रिकामं झालं होतं. पुष्पाबाई आत डोकावली. भाभी एकटी, डोळे मिटून पडलेली. ओठ सुकून भेगाळले होते. गालाची हाडं वर आली होती. आता पाणीही बंद होतं. पुष्पाबाईला ते बघवेना. ती घरी धावली. सकाळचं म्हशीचं दूध तापवलेलं होतं, ते वाटीत घेतलं, साखर घातली, चमचा घेतला आणि परत आली.

"भाभी," ती कानाशी म्हणाली. "एकच चमचा. कुणी न्हाई इथं. कुणाला कळायचं न्हाई. माझ्यासाठी घ्या."

भाभीनं डोळे उघडले. चमचा बघितला. ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली.

"एक चमचा, भाभी. तुम्ही मला किती खाऊ घातलं. मी कधी न्हाई म्हणले का?"

भाभी मान हलवत राहिली. पुष्पाबाईनं चमचा ओठांना लावला, आणि लावला तो थोडा दाबला. भाभीनं होती नव्हती तेवढ्या ताकदीनं तोंड भिंतीकडं फिरवलं. दूध गालावरून कानामागं, उशीवर गेलं. पदरानं ओठ पुसायचा तिनं प्रयत्न केला, पण हात तिथवर पोचेना. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

दारात चंचल उभी होती.

तिनं आवाज चढवला नाही. ती आत आली, ओल्या फडक्यानं सासूचे ओठ पुसले, उशी बदलली. मग म्हणाली, "काकू, सहा दिवसांचं तप त्यांचं. हे काय केलं तुम्ही?"

संध्याकाळी श्रेणिक पुष्पाबाईच्या दारात आला. रामराव बाजेवरून उठला, बस म्हणाला. श्रेणिक बसला नाही. त्यानं दोन्ही हात जोडले. "काकू, मांच्या तोंडात थेंब गेला न्हाई, पण तिच्या मनाला फार लागलं. महासतीजींना बोलावून प्रायश्चित्त मागत होती. आता तुम्ही आत येऊ नका. विनंती समजा माझी."

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर पुष्पाबाईनं ऐकून घेतल्या असत्या. ते जोडलेले हात तिला बघवेनात. ती आत निघून गेली.

त्यानंतरचे तीन दिवस ती दिवस उगवायच्या आधी शेतात जायची आणि अंधार पडल्यावर यायची. आता वेळेवर परतायचं कारण उरलं नव्हतं. तुळजाबाई शेजारच्या ओळीत वेचायची. एकदाच म्हणाली, "तू चमचा लावलास ते बरं केलंस का वाईट, मला न्हाई सांगता यायचं. मी असते तर मी पण लावला असता."

"त्या रडल्या गं माझ्यापायी," पुष्पाबाई म्हणाली. "मी त्यांना मरणाच्या दारात रडवलं."

तिसऱ्या दिवशी दुपार कलताना धुऱ्यावरून पांढऱ्या कपड्यांतला माणूस येताना दिसला. श्रेणिक होता. बूट काळ्या मातीत रुतत होते, पायजमा पोटरीपर्यंत भरला होता. लहानपणी ह्याच धुऱ्यावरून पळत बोरं गोळा करणारं पोर, आता पन्नाशीचा, दम खात उभा राहिला.

"काकू, चला. मां तुम्हाला बोलावतीय. सगळ्यांशी खमतखामणा झाला, सगळ्यांची माफी मागून झाली. तुमचंच राहिलं म्हणती. सकाळपासून दोनदा नाव घेतलं."

पुष्पाबाईचा हात थांबला. क्षणभर तिला वाटलं, झोळी सोडून असंच पळत सुटावं. पण आत कुठंतरी गाठ बसली होती.

"मी कशाला? मी कामवाली."

श्रेणिकला कळेना. "कोण म्हणलं असं?"

"कुणी का म्हणना."

"काकू, मी सांगितलं होतं येऊ नका म्हणून, माझी चूक समजा. पण चला."

"हो पुढं," पुष्पाबाई म्हणाली. "एवढी ओळ झाली की येते."

रामराव धुऱ्यावरून म्हणाला, "अगं जा की. कापूस काय पळून चाललाय?"

ती ऐकलं न ऐकल्यासारखं करून वाकली. श्रेणिक आला तसा चिखलातून परत गेला. ओळ लांबलचक होती. पुष्पाबाईनं ती सबंध वेचली. एक बोंड सोडलं नाही. खाली पडलेलं उचललं, कचरा फुंकून काढला. तुळजाबाईनं दोनदा तिच्याकडं बघितलं. झोळी रिती करून पुष्पाबाई निघाली, तेव्हा आधी सावकाश चालत होती. गावकुसाला आल्यावर पळायला लागली.

आंघोळ करून ती भाभीच्या दारात गेली. आज कुणी अडवलं नाही. चंचलनंच हाताला धरून आत नेलं. खाटेभोवती बाया नवकार मंत्र म्हणत होत्या. भाभीचे डोळे अर्धे उघडे होते, पण बघत नव्हते. तासाभरापूर्वी वाचा गेली होती.

"किती वाट बघितली तुमची," चंचल हळू म्हणाली.

"काय म्हणत होत्या?"

"तुमचं नावच घेत होत्या. बाकी मला न्हाई समजलं, काकू."

एक साध्वी पट्टीआडून म्हणाली, "बाई, कानात बोला. ऐकू जातं त्यांना अजून."

पुष्पाबाई कानाशी वाकली. चाळीस अनोळखी माणसं बघत होती. माफ करा म्हणायचं होतं. ओळ वेचत बसले, त्याची माफी. चमच्याची माफी. पण सहा वर्षं रोज दोनदा ह्या खोलीत शिरताना जे एक वाक्य तोंडातून निघायचं, तेवढंच ओठावर आलं. भाभी, काय करू जेवायला? ते तिथं कसं बोलायचं? तिनं तोंड मिटलं. भाभीच्या कानाशी नुसता तिचा श्वास लागत राहिला. मग बायांनी तिला हळूच उठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला भाभी गेली.

बाहेर जयजयकार सुरू झाला. बँड आला. भाभीला चांगली साडी नेसवून, मांडी घालून बसवलेल्या स्थितीत पालखीत ठेवलं. गुलाल उधळला. कुणी रडत नव्हतं. मोठ्या तपानं गेलेल्या जिवाला रडून निरोप देत नाहीत. पालखी उचलली तसा पुष्पाबाईच्या तोंडून हंबरडा फुटला. पुष्पाबाईच्या लोकांत माणूस गेलं की बाई अशीच रडते, गल्ली हलते. दोन बायांनी तिला जवळ घेतलं, मायेनंच. एक म्हणाली, "रोना नहीं, बहन. उत्सव है. उनकी आत्मा को तकलीफ होगी."

पुष्पाबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. चमच्याच्या दिवशीसारखा आजही त्रास नको द्यायला. पालखी वाजतगाजत गल्लीच्या वळणावरून गेली. ती भिंतीला धरून उभी राहिली आणि तिच्या घशातून नुसता घरघर आवाज येत राहिला.

पाऊस दुपारी आला. शेतात दीड एकर वेचायचा राहिला होता. पंधरा दिवस त्या कापसासाठी जीव टाकणारा रामराव पालखीबरोबर नदीपर्यंत दुखऱ्या गुडघ्यानं चालत गेला, भिजत परत आला, अंघोळ करून बाजेवर बसला. शेताकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. बायकोला म्हणाला, "आज चूल पेटवू नको." तिनं पेटवलीच नव्हती.

शेजारच्या परसात कढया चालू होत्या. शिऱ्याचा, पुऱ्यांचा वास भिंतीवरून येत होता. लांबून आलेली माणसं जेवून गाड्यांत बसत होती. श्रेणिकनं दोन ताटं पाठवली. रामरावानं हात जोडून परत केली. कशी खायची ती, म्हणाला.

पाऊस थोडा उघडला तेव्हा तुळजाबाई आली. डोक्यावर पोत्याची खोळ, हातात फडक्यानं झाकलेली टोपली. ती कुणाला न विचारता आत आली. टोपलीत ज्वारीच्या भाकरी होत्या, आणि पितळीत पिठलं. गावात ज्या घरचं माणूस जातं, त्या घरी पहिलं अन्न शेजारपाजारचे असंच नेतात. कडू घास म्हणतात त्याला.

पुष्पाबाई टोपलीकडं बघत राहिली. "हे इकडं कशाला? मी त्यांच्यातली न्हाई."

"तिकडं पंगती उठून राह्यल्यात," तुळजाबाई म्हणाली. "मी म्हणलं, मंग हे कुणाच्या घरी न्यायचं?"

तिनं भाकरीचे दोन तुकडे केले, पिठलं वाढलं आणि ताटली पुष्पाबाईच्या पुढ्यात सरकवली. रामरावानं मान दुसरीकडं वळवली. पुष्पाबाईनं घास हातात घेतला. तोंडापर्यंत नेला. आणि तिथं ती रडायला लागली. आधी बारीक, मग सगळ्या गल्लीत ऐकू जाईल असं. दाराबाहेर गाड्या सुरू होत होत्या, पण तुळजाबाईनं उठून दार लोटलं नाही. ती पुष्पाबाईची पाठ चोळत बसली आणि रडू दिलं.

बऱ्याच वेळानं पुष्पाबाई म्हणाली, "त्यांना काय सांगायचं होतं गं मला?"

बाहेर पुन्हा सर आली, आणि घास तिच्या हातात तसाच होता.